दुसऱ्या फेरीची माणसं

सकाळी आठच्या सुमाराला बोईसर स्टेशनच्या पुलावर उभं राहिलं की अख्खा पालघर जिल्हा डोळ्यांसमोरून चालत जातो. विरारहून आलेल्या डहाणू लोकलमधून कारखान्यांचे गणवेश उतरतात आणि पश्चिमेच्या रिक्षांकडे, कंपन्यांच्या बसगाड्यांकडे धावतात. नवापूर, दांडी, मुरबे या किनाऱ्यावरच्या गावांतल्या मांगेला बाया मासळीच्या पाट्या घेऊन बाजाराकडे निघालेल्या असतात. पूर्वेच्या पाड्यांवरून आलेल्या वारली बायांच्या डोक्यावर भाजीचे भारे असतात. पावसाच्या सुरुवातीला शेवळं, पुढे कंटोली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचं वर्णन सागरी, नागरी आणि डोंगरी असं केलं जातं. बोईसरच्या पुलावर ते तिन्ही एकमेकांना ओलांडून जातात.

तिघांची दुखणी वेगवेगळी आहेत. डोंगरात कुपोषण, रक्तक्षय, सर्पदंश. कारखान्यांच्या पट्ट्यात रसायनांची वाफ, आठ-दहा जणांनी भाड्याने घेतलेली एक खोली आणि त्या खोलीत एकापासून दुसऱ्याला होणारा क्षय. किनाऱ्यावर खाडीच्या पाण्याची काळजी. तिघांच्या वाट्याला येणारं आरोग्यशिक्षण मात्र एकाच साच्याचं असतं. शाळेच्या पटांगणात मांडव पडतो, फलक लागतो, टेबलांवर रक्तदाबाची यंत्रं मांडली जातात. कुणीतरी हात धुण्याचं महत्त्व सांगतं. लोहाच्या गोळ्या वाटतात, फोटो निघतात आणि दुपारी दोनला मांडव आवरला जातो. त्यात राबणाऱ्यांच्या हेतूबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझा प्रश्न एवढाच आहे : ज्या बाईला त्या टेबलावर ‘तुमच्या अंगात रक्त कमी आहे’ असं सांगितलं, तिच्या दारात पुढच्या महिन्यात कोण गेलं? गोळ्यांनी मळमळलं म्हणून तिने पाकीट फळीवर ठेवून दिलं असेल, तर ते कुणी पाहिलं?

या भागात आरोग्याचं ज्ञान रुजवण्याचे जे प्रयत्न टिकले, त्यांचा इतिहास पाहिला की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. पहिल्या फेरीत माणूस माहिती देतो. ती अंगवळणी पडते दुसऱ्या फेरीत, तिसऱ्या फेरीत, तोच माणूस त्याच उंबऱ्यावर परत येतो तेव्हा.

बोर्डीचं अंगण

याची सुरुवात पाहायची तर बोईसरहून उत्तरेला जावं लागतं. घोलवडजवळच्या बोर्डी गावात १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. शहरात बालशिक्षणाचं काम केलेल्या ताराबाईंना ते खेड्यातल्या सर्वांत गरीब मुलापर्यंत न्यायचं होतं. बालवाडी उघडली, पण वस्त्यांमधली मुलं तिथवर येईनात. कुणी धाकट्या भावंडाला सांभाळत होतं, कुणी गुरांमागे गेलं होतं. मग बालवाडीच उठून वस्तीत गेली, अंगणात बसली आणि तिचं नाव अंगणवाडी झालं. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षिका कुरणात गेल्या आणि कुरणशाळा जन्मली.

या अंगणात अक्षरांच्या आधी पाणी होतं. मुलांची तोंडं धुणं, नखं कापणं, केस विंचरणं, खरजेला औषध लावणं हा तिथला पहिला धडा होता. स्वच्छतेवर वेगळं भाषण लागलं नाही, कारण आई दारातून सगळं पाहत होती. शिक्षिका आज आली, उद्या आली, पावसातही आली, म्हणून चार दिवसांनी आईनेच मुलाचं तोंड धुऊन त्याला अंगणात आणून बसवलं. आरोग्यशिक्षणाचं एवढं साधं आणि एवढं नेमकं उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांमधून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. आज देशभर गल्लोगल्ली दिसणारी अंगणवाडी तिच्यातून उभी राहिली. त्या शब्दामागची कल्पना याच जिल्ह्याच्या मातीत वाढली होती. तरीही १९९२-९३ मध्ये याच पट्ट्यातल्या जव्हार तालुक्यात, वावर-वांगणीत, मुलं कुपोषणाने दगावली आणि महाराष्ट्र हादरला. अंगणवाडीचं नाव पाड्यापर्यंत पोचणं आणि तिची रोजची फेरी पाड्यापर्यंत पोचणं यांतलं अंतर किती जीवघेणं असतं, ते त्या वर्षी दिसलं.

भात कापणीचे दिवस

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा पालघर, डहाणू, विक्रमगडच्या शेतांवर भाताची कापणी, बांधणी, झोडणी चालू असेल. कापलेल्या भाताच्या भाऱ्यांत उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप. त्यांतली मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि बऱ्याचदा चावल्याचं कळतही नाही. ना सूज, ना फारशी वेदना. पहाटे पोटात दुखू लागतं, पापण्या जड होतात, गिळता येईना होतं आणि घरच्यांना वाटतं, काहीतरी बाधलं.

भारतात २००० ते २०१९ या काळात दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं सर्पदंशाने गेली असा संशोधकांचा अंदाज आहे. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलं. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. या विषयावरचं मोलाचं काम डहाणू तालुक्यात झालं आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या संशोधकांनी इथल्या आदिवासींशी, भगतांशी, सर्पमित्रांशी आणि सरकारी डॉक्टरांशीही बोलून एक अभ्यास केला आणि तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. महाडला आयुष्यभर विंचूदंश आणि सर्पदंशावर काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर त्यात सहभागी होते. चिंचोका किंवा लोहचुंबक लावला की विष उतरतं, असा समज त्यांना लोकांमध्ये आढळला. त्याच वेळी सापांची ओळख या लोकांना चांगली होती. कमतरता दवाखान्याच्या बाजूलाही निघाली : मण्यारीचा दंश ओळखण्यात काही डॉक्टर कमी पडत होते.

हा निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. अडाणीपण फक्त पाड्यावर असतं आणि शहाणपण फक्त दवाखान्यात, हे गृहीतच चुकीचं ठरलं. जो स्वयंसेवक पाड्यावर जाऊन ‘भगताकडे जाऊ नका’ एवढंच सांगतो, त्याचं कुणी ऐकत नाही. भगत रात्री दोन वाजता उठून येतो. ॲम्ब्युलन्सला रस्ता संपतो तिथे थांबावं लागतं आणि तिथवर रुग्णाला डोलीतून न्यावं लागतं. म्हणून भगतालाच सोबत घेणं शहाणपणाचं. त्याने त्याचा मंत्र म्हणावा, पण गाडीत बसून म्हणावा, थांबवून ठेवू नये. सांगायचं एवढंच आहे : दंशाची जागा कापायची नाही, चोखायची नाही, घट्ट आवळायची नाही. हाड मोडल्यावर धरतो तसा हात-पाय हलू न देता धरायचा, वेळ लक्षात ठेवायची, १०८ ला फोन करायचा आणि प्रतिसर्पविष असलेल्या सरकारी रुग्णालयात पोचायचं. मण्यारीच्या विषाने श्वास थांबत आला तरी वेळेवर कृत्रिम श्वास मिळाला तर माणूस वाचतो.

चार वाक्यांत मावणारी ही गोष्ट पाड्यावर मुरायला मात्र दोन-तीन पावसाळे लागतात. आवणीच्या आधी एकदा आणि कापणीच्या आधी एकदा, दरवर्षी, तीच माणसं तीच गोष्ट सांगायला आली पाहिजेत.

चिमूटभर मीठ, मूठभर गूळ

परत जाण्याचं हे महत्त्व आकड्यांत मांडणारं एक उदाहरण बांगलादेशात घडलं. १९८० ते १९९० या दहा वर्षांत ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघर गेल्या आणि अतिसारावर घरच्या घरी पाणी-साखर-मीठ कसं करायचं ते आयांना शिकवत राहिल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. एक कोटी वीस लाखांहून अधिक घरं त्यांनी गाठली. त्यांच्या मोबदल्याची पद्धत मोठी विचारपूर्वक बांधलेली होती. किती घरांना शिकवलं यावर पैसे मिळत नव्हते. साधारण महिन्याभराने दुसरा माणूस त्यांतल्या दर दहा घरांमागे एक घर निवडून तिथे जायचा आणि त्या आयांना काय आठवतं ते विचारायचा. आईला जितकं आठवेल, तितका शिकवणारीचा मोबदला.

आपल्याकडे शिबिराच्या अहवालात ‘लाभार्थी संख्या : ३५०’ असं लिहितात. या साडेतीनशेंपैकी किती जणांना महिन्याने काही आठवतं, असा रकाना त्या अहवालात ठेवला तर आपल्या आरोग्यशिक्षणाचा चेहरा बदलून जाईल.

महाराष्ट्राने स्वतःही हे जगाला दाखवून दिलं आहे. १९७० पासून जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी शाळेची पायरी न चढलेल्या खेड्यातल्या बायांना आरोग्यसेविका म्हणून घडवलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली. त्यांच्या घरभेटींमुळे त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू तीन वर्षांत ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केलं. त्यातूनच आज देशभर आशा स्वयंसेविकांना घरभेटींचं वेळापत्रक मिळालं आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. या सहा फेऱ्यांत बाळाचं वजन, ताप, श्वास, आईचं दूध, सगळं पाहिलं जातं. दुसऱ्या फेरीचं शास्त्र याहून स्पष्ट कुठे लिहिलेलं नाही.

निळा ड्रम आणि वाऱ्याची दिशा

आता स्टेशनच्या पश्चिमेला जाऊ. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यावसायिक वीजनिर्मिती करू लागल्या. नंतर औद्योगिक वसाहत वाढली. रसायनं, औषधं, रंग, कापड, पोलाद. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष प्रदूषण निर्देशांकात तारापूरला ९३.६९ गुण मिळाले. ७० च्या वर गेलं की तो भाग अतिप्रदूषित धरतात. तारापूर त्या यादीत देशात सर्वांत वर होतं. पाण्याच्या प्रदूषणाविरुद्ध इथल्या मच्छीमारांच्या मांगेला समाजाच्या परिषदेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली.

अशा ठिकाणी आरोग्यशिक्षण म्हणून फक्त ‘हात धुवा’ सांगणं अपुरं आहे. इथल्या खोल्यांमध्ये उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाकडून आलेले कामगार राहतात. त्यांच्यासाठी लागणारे धडे निराळे आहेत. कारखान्यांच्या आसपासच्या चाळींत भंगारातून आणलेला निळा ड्रम पाणी साठवायला वापरतात. त्यात आधी काय होतं ते कुणी सांगत नाही. असा ड्रम कितीही धुतला तरी पिण्याच्या पाण्याला चालत नाही. कामावरचे कपडे लेकराच्या कपड्यांसोबत एका बादलीत भिजवायचे नाहीत, कारण कारखान्यातलं रसायन त्या बादलीतून घरात येतं. डोळ्यात रसायन उडालं तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याने डोळा धुवायचा, मग दवाखाना. वायुगळती झाली तर वाऱ्यासोबत धावायचं नाही. वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाहेर पडायचं, तोंडावर ओला फडका धरायचा. दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला तर थुंकी तपासून घ्यायची. क्षयाचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं आणि साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. दोन महिन्यांनी बरं वाटलं म्हणून तो सोडायचा नाही.

भोपाळच्या दुर्घटनेनंतर देशात जे नियम आले, त्यांत १९९६ चे रासायनिक अपघातांबाबतचे नियम आहेत. औद्योगिक पट्ट्यासाठी स्थानिक आपत्ती गट असावा आणि आसपासच्या लोकांना धोक्याची माहिती मिळावी, असं ते सांगतात. म्हणून सालवड, पास्थळ, कोलवडे, कुंभवली, नवापूर या गावांतल्या रहिवाशांना आपल्या शेजारी काय साठवलेलं आहे हे विचारण्याचा अधिकार आहे. त्या माहितीचं सोप्या मराठीत आणि हिंदीत भाषांतर करून ती चाळीत, देवळाच्या ओट्यावर, मासळीबाजारात समजावून सांगणं हे स्वयंसेवकाचं फार मोठं काम ठरेल. जिथे दोष पाण्याचा आहे तिथे तो लोकांच्या सवयींवर ढकलायचा नाही, हे आरोग्यशिक्षणाचं पथ्य आहे. तक्रार कुठे करायची आणि पाण्याचा नमुना कुठे द्यायचा, हेही शिकवायलाच हवं.

प्रश्न विचारण्याची सवय या पट्ट्याला नवी नाही. डहाणू भागात कष्टकरी संघटनेच्या कामातून पाड्यांवरच्याच माणसांमधून आरोग्य साथी तयार झाले होते. २००७ मध्ये महाराष्ट्रात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत त्या वेळचा ठाणे जिल्हा होता. गावकऱ्यांनी आपल्या दवाखान्याचं प्रगतिपुस्तक हिरव्या, पिवळ्या, लाल रंगांत भरलं आणि जनसुनवाईत ते अधिकाऱ्यांसमोर मांडलं. आरोग्यशिक्षण पुढे गेलं की त्याचं रूप असं होतं.

‘स्वयंसेविका’ या शब्दाचं ओझं

एक गोष्ट इथे स्पष्ट म्हटली पाहिजे. या जिल्ह्यात दुसरी फेरी खऱ्या अर्थाने कुणी मारत असेल तर ती आशाताई. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून तिचं पद आलं. सर्वसाधारण भागात हजार लोकांमागे एक आशा, आदिवासी भागात पाड्यांच्या अंतरानुसार. कागदोपत्री ती ‘स्वयंसेविका’ आहे आणि मोबदला कामागणिक. कोविडच्या साथीत घरोघर गेलेल्या या बायांचा मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गौरव केला. त्याच बायांना मोबदल्यासाठी २०२३ च्या अखेरीपासून संप आणि धरणं करावी लागली.

स्वयंसेवा ही स्वतःहून दिलेली भेट असते. जिच्याकडून नोंदी, लसीकरण, प्रसूती, क्षय, कुष्ठरोग, जंतनाशक गोळ्या अशी पूर्ण दिवसाची कामं करून घेतली जातात, तिला स्वयंसेविका म्हणणं हा अन्याय आहे. नोकरदार घरातून मनापासून आलेला स्वयंसेवक आणि पोटासाठी राबणारी आशाताई यांना एकाच शब्दात बसवू नये. बाहेरून येणाऱ्या स्वयंसेवकाने तिचं काम हिसकावू नये, तिच्या हाताखाली काम करावं. पाड्यावर कुणाची मुलगी सातव्या महिन्यात आहे, कुणाच्या घरात दारूचा त्रास आहे, कुणाच्या पाठीवर बधिर चट्टा आहे, हे तिलाच ठाऊक असतं. पालघर हा कुष्ठरोगाचं प्रमाण जास्त असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. तो बधिर चट्टा वेळेवर दाखवला तर गोळ्यांनी बरा होतो आणि बोटं वाचतात.

दिवाळी झाली की

शहरात दिवाळी संपली की माणसं कामावर परततात. जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या पाड्यांवरची माणसं तेव्हा कामासाठी घर सोडतात. वसई, भिवंडीकडच्या वीटभट्ट्या, रेतीची कामं, इमारतींची कामं. वारली आणि कातकरी कुटुंबं लेकराबाळांसह निघतात. घराला कडी लागते आणि त्या कडीबरोबर लसीकरणाची पुढची तारीख, क्षयाच्या गोळ्यांचं पाकीट, गरोदर बाईला मिळणारा अमृत आहार हे सगळं मागे सुटतं. २०१५ पासून राज्याच्या आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं गरम जेवण देणारी ही योजना आहे. पण ती अंगणवाडी पाड्यावर असते आणि बाई भट्टीवर.

म्हणूनच पालघरमधल्या स्वयंसेवेचा खरा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. भट्टीवर जाऊन कुणाकडे माता-बाल संरक्षण कार्ड आहे ते पाहणं, कुठला डोस राहिला ते तिथल्या आशाताईला कळवणं, क्षयाचे उपचार चालू असलेल्याला जवळच्या केंद्रात नेऊन जोडून देणं. यासाठी डॉक्टर असण्याची गरज नाही. वही, मोबाइल आणि चिकाटी पुरते.

हे मनुष्यबळ जिल्ह्यातच आहे. पालघरच्या सोनोपंत दांडेकर महाविद्यालयापासून बोईसर, डहाणू, जव्हारपर्यंत शेकडो तरुण महाविद्यालयांत शिकतात. तारापूरची अणुभट्टी ज्या वर्षी सुरू झाली त्याच वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. त्या योजनेतल्या विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास द्यायचे असतात. हे तास प्रभातफेऱ्या, पथनाट्यं, वृक्षारोपण यांत विखुरतात. तेच २४० तास एका विद्यार्थ्याने एका पाड्याला दिले तर? महिन्याला दहा तास, दोन वर्षं, तीच पंधरा घरं. पहिल्या दोन महिन्यांत त्याने काहीच शिकवू नये. नावं शिकावीत, वाटा शिकाव्यात, वारली शब्द शिकावेत. नागलीची भाकर, शेवग्याचा पाला, सुकट, तीळ हे तिथल्या घरातलं अन्न किती पौष्टिक आहे ते आधी स्वतः समजून घ्यावं आणि मग बिस्किटाच्या पुड्यापेक्षा ते कसं सरस, हे सांगावं. पालेभाजीवर लिंबू पिळलं तर लोह अंगी लागतं आणि जेवणावर लगेच घेतलेला चहा त्याला अडवतो, ही गोष्ट चुलीजवळ बसून सांगितलेली जास्त लक्षात राहते.

कारखान्यांनाही मार्ग मोकळा आहे. सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीतून एका दिवसाचं मोठं शिबिर घेण्याऐवजी एखाद्या चाळीला किंवा पाड्याला तीन वर्षांसाठी जोडून घ्यावं. निवृत्त परिचारिका, शिक्षक, अणुवीज केंद्रातले निवृत्त तंत्रज्ञ, चिंचणी-तारापूरमधल्या महिला मंडळांच्या सभासद यांनी महिन्यातला एक ठरलेला दिवस एकाच वस्तीला द्यावा. इंजेक्शन टोचू नये, औषध सुचवू नये, खोटा धीर देऊ नये. ऐकावं, लिहून ठेवावं, पुढच्या दारापर्यंत सोबत जावं.

या दिवाळीत ज्यांच्या मनात समाजासाठी काही करावं असं येत असेल, त्यांना माझी एकच विनंती आहे. पाड्यावर, चाळीत, मासळीबाजारात जाण्याची तारीख डायरीत लिहाल, तेव्हा त्याच ओळीत पुन्हा येण्याची तारीखही लिहा. ती लिहिता येत नसेल, तर पहिली तारीखही लिहू नका.